सातवीच्या मुलांना नेटवरची माहिती तपासायला कशी शिकवू? शाळेत एकच टीव्ही आहे

नमस्कार ताई. तुम्ही लिहिलंय की जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवता, प्रकल्प दिला की मुलं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणून चिकटवतात, मोबाईलवर जे दिसेल ते खरं धरतात, शाळेत एक स्मार्ट टीव्ही, पुस्तकांचं एक कपाट आणि तुमचा स्वतःचा फोन एवढंच आहे, आणि ग्रामपंचायत दहा टॅब द्यायला तयार आहे तर ते घ्यावेत का. मी तालुक्याच्या ठिकाणी एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय आणि हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

टॅबचं शेवटी बघू. आधी प्रकल्पाचा विषय बदला, कारण माझ्या मते खरी गोची तिथेच आहे. "महाराष्ट्रातील किल्ले", "थोर शास्त्रज्ञ", "पाण्याचे महत्त्व" असे विषय दिले की मूल दुकानात जाऊन "काका, किल्ल्यांची माहिती द्या" म्हणणार, काकांकडे फाईल तयारच असते, दहा-वीस रुपयांत रंगीत प्रिंट, मग कात्री, डिंक, झालं. यात मुलाचा काय दोष? ज्याचं उत्तर आधीच छापून ठेवलंय तेच आपण विचारलं. त्याऐवजी असं विचारून बघा की "सिंधुदुर्ग किल्ला समुद्रात आहे, मग तिथे प्यायचं पाणी कुठून यायचं, आणि हे तुला कुठून कळलं?" मग मुलाला दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी स्वतः शोधाव्या लागतात, आणि दुकानातल्या फाईलमध्ये नेमकं हे नसतं. किंवा "आपल्या गावातल्या किती विहिरी आज वापरात आहेत, बाकीच्या कधी आणि का बंद पडल्या?" याचं उत्तर तर गुगलकडेही नाही, ते आजोबांकडे आणि ग्रामपंचायतीत आहे.

प्रश्नाच्या शेवटचं ते "हे तुला कुठून कळलं?" मात्र कधीच सोडू नका. मराठीच्या तासाला, भूगोलाच्या तासाला, मधल्या सुट्टीत कोणी काही सांगत आलं तरी विचारा. सुरुवातीला "नेटवर होतं" हेच उत्तर येतं, मग नेटवर कुठे, कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, एवढं हसतखेळत पुढे न्यायचं. मी प्रकल्पाच्या गुणांपैकी बरेच गुण यालाच ठेवायला सांगते. पुस्तक असेल तर नाव, लेखक, वर्ष, पान, वेबसाईट असेल तर तिचं नाव आणि कुठल्या तारखेला बघितली, आणि माणसाला विचारलं असेल तर त्यांचं नाव, वय, गाव. आजीचं नाव संदर्भात लिहायचं म्हटल्यावर मुलं इतकी खूश होतात ना, आणि आजीने सांगितलेलं वेगळं आणि पुस्तकातलं वेगळं हेही त्यांच्या आपोआप लक्षात यायला लागतं.

आता तुमचं कपाट. जुनी पुस्तकं आहेत म्हणून नाराज होऊ नका, या कामासाठी जुनी पुस्तकंच सोन्यासारखी आहेत. मी एक तास असा घेते की महाराष्ट्राच्या भूगोलावरची, सामान्यज्ञानाची वेगवेगळ्या काळातली पुस्तकं गटागटांत वाटायची आणि विचारायचं, महाराष्ट्रात जिल्हे किती? एक गट म्हणतो ३०, दुसरा ३१, तिसरा ३५, आणि पाठ्यपुस्तक वाचलेली मुलं मागून ओरडतात ३६! थोडा गोंधळ होऊ द्यायचा. मग फळ्यावर लिहायचं की १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा २६ होते, १९८१ मध्ये सिंधुदुर्ग आणि जालना, १९८२ मध्ये लातूर आणि गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर. आता पुस्तक परत हातात घ्या आणि सांगा, तुमचं पुस्तक कधीचं? ज्यात ३१ लिहिलेत ते १९९० ते १९९८ च्या मधलं असणार, हे मुलं स्वतः काढतात, आणि मग सुरुवातीच्या पानावर आवृत्तीचं वर्ष बघून ताळा करतात. ज्या पुस्तकाचं ते पान फाटलंय त्याच्यावर तर गटांची भांडणं लागतात. यातून मुलाला जे कळतं ते भाषणाने कळत नाही, की पुस्तक खोटं बोलत नव्हतं, ते त्याच्या वेळेला बरोबर होतं, म्हणून छापील असो की नेटवरचं, आधी वर्ष बघायचं. नऊ ग्रह लिहिलेलं पुस्तक सापडलं तर तेही घ्या, प्लूटोला २००६ मध्ये बटुग्रह ठरवलं गेलं.

मग हेच नेटवर न्यायचं. टीव्हीला तुमचा फोन जोडा आणि आपल्या तालुक्याच्या गावाची लोकसंख्या सगळ्यांसमोर शोधा. मराठी विश्वकोशात एक आकडा मिळेल, विकिपीडियावर दुसरा, आणि कुठल्या तरी साईटवर चालू वर्षाचा म्हणून तिसराच. मुलं विचारतात खरा कुठला? तर विश्वकोशातला बऱ्याचदा १९७१ किंवा १९८१ च्या जनगणनेचा असतो कारण ते खंड १९७६ पासून एकेक करत निघाले, विकिपीडियावरचा बहुतेक २०११ चा, आणि चालू वर्षाचा म्हणतात तो कोणीतरी हिशोब करून काढलेला अंदाज. शिवाय एक आकडा फक्त शहराचा आणि दुसरा अख्ख्या तालुक्याचा असंही होतं. म्हणजे आकडा लिहिताना सोबत वर्ष आणि हद्द लिहायची, हे आमच्या मुलांच्या आता अंगवळणी पडलंय.

विकिपीडियाला नावं ठेवणारे शिक्षक खूप भेटतात, मला ते पटत नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, कोणीही बदलू शकतं हे खरं, पण म्हणूनच तर शिकवायला चांगलं, पानावर "इतिहास पहा" दाबलं की कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं आणि खाली संदर्भ असले तर दिसतात, नसले तर तेही दिसतं. विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. त्या मानाने मराठी निबंधाच्या ज्या ढीगभर साईट आहेत त्यांच्यावर ना नाव, ना तारीख. तिथलं एक लांब वाक्य उचलायचं, अवतरण चिन्हात टाकून गुगलवर शोधायचं, तेच वाक्य काना-मात्रा न बदलता कितीतरी ठिकाणी निघतं. मुलांना वाटत असतं दहा साईट तेच सांगतायत म्हणजे खरंच असेल, आणि प्रत्यक्षात दहाही जणांनी एकाचीच वही कॉपी केलेली असते. हा प्रयोग नक्की करा, मुलांना फार मजा येते.

आता सगळ्यात महत्त्वाची सवय सांगते. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला, त्यात १० इतिहासकार, १० फॅक्ट चेकर (म्हणजे बातम्यांतलं खरंखोटं तपासणारे) आणि स्टॅनफर्डचेच २५ विद्यार्थी यांना काही वेबसाईट दाखवून विश्वासार्ह कुठली ते ठरवायला सांगितलं. एवढे शिकलेले इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि चांगला लोगो, चांगली मांडणी बघून फसले, आणि फॅक्ट चेकर मात्र ते पान जवळजवळ न वाचताच ब्राउझरमध्ये दुसरं नवीन पान उघडून या साईटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला गेले. आपण शाळेत नेमकं उलटं शिकवतो, "नीट लक्ष देऊन पूर्ण वाच". पुस्तकासाठी ते बरोबरच आहे हो, पण अनोळखी वेबसाईटवर आधी बाहेर पडायचं, चौकशी करायची आणि मग परत यायचं.

याचा सराव मी दिवाळीच्या सुट्टीनंतर घेते, कारण तेव्हा प्रत्येकाच्या घरी तो फोटो आलेला असतो, नासाने काढलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत, लाल, निळा, हिरवा, पांढरा झगमगाट. टीव्हीवर लावायचा आणि दोन मिनिटं काहीच बोलायचं नाही. एका वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, मग हिरवा रंग काही ठिकाणीच का, तिथे फक्त हिरवेच फटाके उडवतात का?" इतका सुंदर प्रश्न. मग गुगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या गुगलच्या सोयीवर, तो फोटो टाकून सगळ्यांनी मिळून शोधलं. तो अमेरिकेतल्या नोआ या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये उपग्रहाच्या माहितीवरून तयार केलेला नकाशा निघाला, पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये, हिरवे १९९८ मध्ये आणि लाल २००३ मध्ये नव्याने दिसलेले, म्हणजे वस्ती आणि वीज कशी वाढत गेली ते दाखवणारा. दिवाळीचा त्याच्याशी काही संबंध नाही. नासाने खरा फोटो २०१२ च्या दिवाळीत दिला होता, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचा, आणि सोबत लिहिलं होतं की फटाक्यांचा जास्तीचा उजेड इतका कमी असतो की अवकाशातून कळणारही नाही. त्या दिवशी मुलं घरी जाऊन काकांना, मामांना हे सांगतात. फक्त "मोठ्यांना खोटं पाडायचं नाही, कुठून आलं ते विचारायचं" एवढं आधी बजावून ठेवा, नाहीतर पालकांचे फोन येतात.

हे सगळं कशाला, असं कोणी सहकारी म्हणालेच तर राईनपाड्याची आठवण करून द्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या या गावात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं, आणि त्यामागे व्हॉट्सॲपवर फिरणारी अफवा होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आणि केरळात कन्नूर जिल्ह्याने त्याच वर्षी सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले, म्हणजे सरकारी शाळेत हे होत नाही असं कोणी म्हणू नये. सातवीच्या मुलांना त्या घटनेचे तपशील सांगायची गरज नाही, पण मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली की तो खूप वेळा फिरून आलाय आणि मूळ कोणाचा ते पाठवणाऱ्यालाही माहीत नसतं, एवढं जरूर शिकवा.

एआयचं थोडक्यात. व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआय आल्यापासून मुलं गाईडऐवजी त्यालाच विचारतात. या वयाच्या मुलांच्या हातात सरसकट देऊ नका, चॅटजीपीटीच्या अटींतच १३ वर्षांच्या आतल्यांसाठी नाही असं आहे. तुमच्या फोनवरून, टीव्हीवर, सगळ्यांसमोर विचारा, आणि मुलांना आधीच पक्कं माहीत असलेलं विचारा, तुमच्या गावची जत्रा कधी भरते, ग्रामदैवत कुठलं, नदी कुठून येते. चुकलेलं उत्तर ते किती ठामपणे देतं हे मुलांनी स्वतः एकदा पकडलं की पुढे डोळे झाकून उतरवत नाहीत. सरकारचं दीक्षा ॲप आणि पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड जरूर वापरा, चांगलेच आहेत, पण तिथे माहिती कोणीतरी आधीच निवडून दिलेली असते, शोधायचा आणि पारखायचा सराव त्यातून होत नाही.

आता टॅब. माझं मत विचाराल तर दहा टॅब मागू नका. कपाटात कुलपात राहतात, चार्जिंगचा घोळ, फुटला तर जबाबदारी कोणाची यावरून कोणी काढतच नाही, हे मी कितीतरी शाळांत बघितलंय. सरपंचांना सांगा की त्याच पैशात एक बरा लॅपटॉप, शाळेला स्वतःचं इंटरनेट कनेक्शन, टीव्हीला जोडायची केबल, आणि उरलेल्यात पुस्तकं द्या. एक नवा नकाशासंग्रह, एक चांगला मराठी शब्दकोश, चालू वर्षाचं एखादं इयरबुक. वाचायला बालभारतीचं मुलांचं मासिक "किशोर" आहे, १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट आहेत, तेही टीव्हीवर लावता येतात. आणि कपाटाची किल्ली सातवीतल्याच दोन मुलांकडे द्या, कोण कुठलं पुस्तक नेतंय याची वही तीच ठेवतील. एखाददुसरं पुस्तक हरवेल, हरवू दे. तुमच्याकडे या सत्रात कुठले प्रकल्प द्यायचेत ते कळवा, प्रश्न कसे फिरवायचे ते आपण मिळून बघू.