गुडघा बदलताना घातलेलं सिमेंट पक्कं व्हायला किती वेळ लागतो?

तुमच्या वडिलांचा गुडघा बदलायचाय, डॉक्टर दुसऱ्याच दिवशी चालवणार म्हणतात आणि तोवर आतलं सिमेंट ओलं राहिलं तर काय, ही तुमची काळजी. ती सोडून द्या. शेवटचा टाका पडण्याआधीच ते टणक झालेलं असतं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब नर्स आहे, सिमेंट कालवायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असतं.

नव्या सांध्याचा धातूचा भाग हाडावर पक्का धरून ठेवायला हे सिमेंट घालतात. बांधकामाच्या सिमेंटशी याचं काही नातं नाही. हे ॲक्रिलिक आहे, पूर्ण नाव पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. जॉन चार्नली या सर्जननी 1958 साली इंग्लंडमध्ये खुब्याच्या ऑपरेशनसाठी ते वापरायला सुरुवात केली. एका पाकिटात साधारण 40 ग्रॅम पावडर आणि काचेच्या अँप्यूलमध्ये 20 मिली द्रव. पावडरीत बेन्झॉइल पेरॉक्साइड असतं, द्रवात त्याला चेतवणारं रसायन. दोन्ही एकत्र आले की रेणूंच्या साखळ्या जुळायला लागतात. त्यात वाळण्यासारखं काही नसतं, आणि एकदा सुरू झालं की कुणाला थांबवताही येत नाही.

द्रव ओतला की मी वेळ मोठ्याने सांगते. नाकात झोंबणारा वास येतो. सुरुवातीला पातळ, मग चिकट. हातमोज्याचं बोट टेकवून उचललं तर तार सुटते. तेव्हा घाई करायची नाही. तार सुटायची थांबली, बोट स्वच्छ निघालं की ते मळलेल्या कणकेसारखं झालेलं असतं, आणि सर्जनच्या हातात तेवढीच काही मिनिटं असतात. तोवर हाड फवाऱ्याने धुऊन कोरडं केलेलं असतं, कारण सिमेंट डिंकासारखं चिकटत नाही. हाडाच्या जाळीत शिरून, तिथेच कडक होऊन धरून बसतं. मध्ये रक्त राहिलं तर पकड कच्ची. सिमेंट दाबून भरतात, धातूचा भाग ठोकून बसवतात, कडेला आलेलं जादा खरवडून काढतात. मग पाय सरळ धरून दाब द्यायचा. आता हललं तर सगळी मेहनत वाया, म्हणून नवीन मदतनीसाला मी आधीच दम देऊन ठेवते.

कालवण्यापासून टणक होईपर्यंत साधारण 10 ते 15 मिनिटं. ब्रँडप्रमाणे फरक पडतो, आणि थिएटर गार असेल तर वेळ लांबतो. उरलेला गोळा आम्ही बाहेर ठेवतो. तो आधी मऊ असतो, मग एकदम तापतो, इतका की हातात धरवत नाही, आणि वाजवला तर टकटक आवाज येतो. शरीराच्या उबेत सिमेंट थंड खोलीपेक्षा लवकर घट्ट होतं, त्यामुळे बाहेरचा गोळा वाजला की आतलंही झालेलं असतं, असा आमचा हिशेब. आत मात्र एवढी उष्णता साठत नाही; थर काही मिलिमीटरचाच असतो, शिवाय धातू आणि आजूबाजूचं हाड ती ओढून घेतात.

सिमेंट दाबताना क्वचित रक्तदाब उतरतो, गुडघ्यापेक्षा खुब्यात जास्त. म्हणून सिमेंट घालण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगूनच पुढे जातात. वडिलांना हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर तो त्यांना न विसरता सांगा.

थोडीफार रासायनिक प्रक्रिया नंतरही चालू राहते, पण वजन पेलायची ताकद टेबलावरच आलेली असते. दुसऱ्या दिवशी पाय दुखेल तो कापलेल्या भागामुळे आणि सुजेमुळे, आणि गुडघा लटपटेल तो मांडीच्या स्नायूत जोर नसल्यामुळे. फिजिओथेरपिस्ट सांगेपर्यंत वॉकर सोडू देऊ नका. आणि काही गुडघे बिनसिमेंटचेही बसवतात, तेव्हा तुमच्या सर्जनना एकदा विचारून घ्या; तसा असेल तर वरचं बरंचसं लागू नाही.