सातबारा सामाईक आहे, घर घ्यावं का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही हडपसरला भाड्याने राहतो, भाडं दरवर्षी वाढतंय म्हणून थेऊरच्या बाजूला एक रेडी घर बघितलं. दीड गुंठ्यात वन बीएचके, वर गच्ची, पुढे सीताफळाचं झाड पण आहे, मिस्टरांना फार आवडलंय. मालक म्हणतो सातबारा सामाईक आहे, त्यावर तुमचं नाव लागणार नाही पण ग्रामपंचायतीत आठ नंबरला लावून देतो, लाइट बिल पण तुमच्या नावावर करतो, व्यवहार नोटरीवर. एजंट म्हणतो इथे सगळे असंच घेतात. रविवारी टोकन द्यायचंय, देऊ का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर: ताई, टोकन देऊ नका. घर छानच असेल, पण तुम्ही पैसे मोजणार ते भिंतींना आणि खालची जमीन राहणार दुसऱ्याच्याच नावावर. ग्रामपंचायतीचा नमुना 8 म्हणजे घरपट्टी कोणाकडून घ्यायची त्याची नोंद, त्यावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असं होत नाही, आणि लाइट बिलाने तर नाहीच नाही. नोटरीचं पण तेच, स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, 1908 चा कायदा आहे तो, नोटरीच्या शिक्क्याने खरेदीखत होत नाही.

आता सामाईक म्हणजे एका सातबाऱ्यावर अनेकांची नावं, कोणाचा तुकडा कुठला ते वेगळं झालेलं नाही, हे नीट बघा. महाभूमीच्या साइटवर 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, गट नंबर मालकाकडून मागून घ्या आणि स्वतः काढा, त्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. त्यात किती नावं आहेत मोजा, 'इतर हक्क' या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, म्हणजे कर्ज, आहे का ते वाचा. जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींची नावं कुठे गेली हे मी सगळ्यात आधी विचारीन, कारण 2005 पासून मुलींना मुलांइतकाच हिस्सा आहे, आणि बहिणींकडून हक्कसोडपत्र (हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत कागद) न घेता भावांनी परस्पर विकलेली घरं पुढे कोर्टात अडकतात, त्यात ज्याने आयुष्याची कमाई घातली तोच भरडला जातो, म्हणून मी इतकं कळकळीने सांगतेय.

दीड गुंठा म्हणजे साधारण 1633 चौरस फूट. शेतजमिनीचे एवढे छोटे तुकडे पडू नयेत म्हणूनच 1947 चा तुकडेबंदी कायदा आला, त्यामुळे एवढ्याशा तुकड्याची नोंदणी अडते, म्हणून मालक नोटरीवर का बोलतोय ते कळलं असेल. एजंट म्हणेल आता होतंय सगळं रेग्युलर, तर मग मालकाला म्हणा की तूच आधी करून घे, आम्ही थांबतो. बांधकाम परवानगी पण मागा, आणि ती पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) हवी, सरपंचाच्या सहीचा कागद चालणार नाही. होम लोनला एखाद्या सरकारी बँकेत हे कागद नुसते दाखवून बघा, ते काय म्हणतात त्यावरून बरंच कळेल.

रस्ता मात्र स्वतः चालून बघा, घरापर्यंतची वाट कोणाच्या गटातून जाते ते विचारा, कारण शेजाऱ्याने उद्या कंपाउंड घातलं तर गाडी बाहेरच लावावी लागेल. बोअरचं पाणी एप्रिल-मेमध्ये राहतं की टँकर येतो हे मालकाला नको, आजूबाजूच्या बायकांना विचारा.

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे या जमिनीचे जुने व्यवहार तपासल्याचा अहवाल, काढा, आला की सातबाऱ्याबरोबर मला पाठवा, बघून सांगते.