वाचकांचे प्रश्न : प्रवाळाचा सांगाडा आणि पांढरे पडणे

प्रश्न : प्रवाळाच्या पेशींत राहणारे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते हे वाचले होते. पण खालच्या निर्जीव, चुन्याच्या सांगाड्याचा त्या प्रकाशाशी काय संबंध?

अगदी जवळचा. सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा असतो. हा पदार्थ दृश्य प्रकाश जवळजवळ शोषत नाही, फक्त विखुरतो. वरून आलेला प्रकाश उतीच्या पातळ थरातून खाली उतरतो तेव्हा शैवालाने त्यातला काही भागच टिपलेला असतो. उरलेला सांगाड्यात शिरतो, सूक्ष्म स्फटिकांवर आणि सांगाड्यातल्या पातळ पडद्यांवर आदळत दिशा बदलतो आणि पुन्हा उतीत येतो. तोच प्रकाश टिपण्याची शैवालाला दुसरी, तिसरी संधी मिळते.

2005 साली पोराइट्स ब्रॅनेरी या प्रवाळावरची मोजमापे प्रसिद्ध झाली. बाहेर काढलेल्या सुट्या शैवालाच्या तुलनेत, सांगाड्यावरच्या उतीतले हरितद्रव्य 2 ते 5 पट अधिक परिणामकारकपणे प्रकाश शोषते, असे त्यांत दिसले. थोड्या रंगद्रव्यावर प्रवाळाचे भागते ते यामुळे.

प्रश्न : ही तर प्रवाळाच्या फायद्याची गोष्ट झाली. मग पांढरे पडण्याच्या चर्चेत सांगाड्याचे नाव का येते?

कारण शैवाल कमी होऊ लागले की हाच फायदा अंगावर येतो. पाणी नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा सुमारे 1 अंशाने तापून काही आठवडे तसेच राहिले, की शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. प्रकाशाने होणारी रोजची मोडतोड दुरुस्त व्हायला वेळ पुरत नाही, ऑक्सिजनची घातक रूपे साठतात आणि प्रवाळ शैवाल गमावू लागते. शैवालाबरोबर रंगही जातो, हेच पांढरे पडणे.

इथून पुढे सांगाडा परिस्थिती बिघडवतो. पांढऱ्या भिंतींच्या खोलीतले गडद सामान बाहेर काढत गेलो, तर दिवा तोच राहूनही खोली उजळत जाते. उतीत तेच घडते. शैवाल घटले की शोषण घटते, सांगाड्यावरून परतणारा प्रकाश वाढतो आणि उरलेल्या प्रत्येक पेशीच्या वाट्याला आधीपेक्षा जास्त प्रकाश येतो. तो तिला आधीच पेलत नसतो. म्हणजे आणखी इजा, आणखी घट.

प्रवाळाची एखादी बाधित वसाहत जवळून पाहा. फांदीची वरची बाजू पांढरीफटक असते आणि सावलीतली खालची बाजू पुष्कळदा अजून तपकिरी. पाणी दोन्हीकडे तितकेच गरम आहे, फरक प्रकाशाचा आहे. आणि ती पांढरी बाजू मेलेलीच असते असे नाही. पारदर्शक झालेल्या जिवंत उतीतून आपल्याला सांगाडा दिसत असतो.

प्रश्न : मग सगळ्या जाती सारख्याच वेगाने पांढऱ्या का पडत नाहीत?

सांगाड्यांची विखुरण्याची क्षमता सारखी नसते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक जातींच्या तुलनेत असे आढळले की ज्यांचा सांगाडा सूक्ष्म पातळीवर प्रकाश कमी विखुरतो, त्यांच्यात शैवाल घटताना जादा प्रकाश अधिक झपाट्याने वाढतो, आणि अशा जाती पांढऱ्या पडण्याला अधिक बळी पडतात. कमी विखुरणाऱ्या सांगाड्यात प्रकाश आडवा दूरवर पसरतो, म्हणून शैवाल गेलेल्या भागात शिरलेला प्रकाशही दूरच्या उरलेल्या शैवालापर्यंत पोहोचतो. पण सगळे खापर सांगाड्यावर फोडणे चूक ठरेल. शैवालाचा प्रकार, उतीची जाडी आणि पाण्याचा प्रवाह यांचाही वाटा मोठा आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेत सांगाड्याचे प्रकाश विखुरणे मोजायचे आहे. काय सांभाळावे?

आधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठेवून उती पूर्ण काढा आणि पाण्याने वारंवार धुवा. उतीखाली सांगाड्यात हिरवा पट्टा दिसला, तर ते सांगाड्यात पोखरून राहणारे शैवाल आहे. ते उरले तर शोषणाचे आकडे बिघडतात. सर्रास होणारी दुसरी चूक म्हणजे कोरड्या नमुन्यावर मोजणे. छिद्रांत हवा असली की ॲरागोनाइट आणि हवा यांच्या अपवर्तनांकांतला (प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेतला) फरक मोठा होतो आणि विखुरणे फुगून दिसते. नमुना पाण्यात बुडवून, छिद्रांतली हवा निर्वात पंपाने काढूनच मोजा.

जिवंत उतीच्या आत मोजायचे तर टोक 100 मायक्रॉनहून बारीक असलेला, सर्व दिशांचा प्रकाश टिपणारा प्रकाशतंतू हवा. वर तोंड केलेल्या चपट्या संवेदकाला खालून परतणारा प्रकाश दिसतच नाही.

प्रश्न : मत्स्यालयातले प्रवाळ पांढरे पडले आहे. दिवे वाढवले तर शैवाल लवकर परत येईल का?

नाही, उलट उरलेसुरले शैवालही जाईल. दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणा आणि रंग परतू लागल्यावर आठवड्याला साधारण 10 टक्क्यांनी वाढवा. फक्त पांढरे दिवे मंद करून निळे तसेच ठेवू नका. शैवालाची रंगद्रव्ये निळा प्रकाशच जोरात शोषतात, त्यामुळे त्याला विश्रांती मिळत नाही. तळाशी पांढरी वाळू असेल तर तिच्यावरून येणारा प्रकाशही हिशेबात धरा, किंवा प्रवाळाचा तुकडा वाळूपासून दूर ठेवा. तापमान 25-26 अंशांवर आणा, मात्र दिवसाला 1 अंशाहून जास्त उतरवू नका. शैवालाकडून येणारे अन्न थांबलेले असते, म्हणून दिवे विझल्यावर, प्रवाळाच्या स्पर्शिका (भक्ष्य पकडणारे बारीक तंतू) बाहेर आल्या की, बारीक प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) थोडे थोडे द्या. उरलेले कुजण्याआधी काढून टाका.