अधोरेखित ओळ कुणासाठी?

"रोज बायबल वाचतो, पण माझ्यात काही बदलत नाही." हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं आहे की एका गृहस्थांची हकिकत लिहून ठेवतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि सहा भेटी इथे थोडक्यात आल्या आहेत.

पन्नाशीचे गृहस्थ, उपासना कधी न चुकवणारे. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचं त्यांचं तिसरं वर्ष. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीन ते चार. एखादा दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात. अशी थकबाकी साचली की वाचन उरकण्याचं काम होतं, आणि बहुतेकांची गाडी सुरुवातीच्याच लेवीय या नियमांच्या पुस्तकाच्या २७ अध्यायांत रुतते. यांची रुतली नव्हती. घरात मात्र तरुण मुलाशी रोज खटके उडत.

"कालच्या वाचनातलं काय आठवतं?" मी विचारलं.

"यिर्मया होता." थोडं थांबून, "अध्याय नाही सांगता येणार."

हा स्मरणशक्तीचा दोष नव्हे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाच्या, वचनांना (अध्यायातल्या छोट्या ओळींना) आकडे मिळाले १५५१ मध्ये. संदर्भ सापडावा म्हणून केलेली ही सोय आपण रोजचा कोटा करून टाकली.

दुसऱ्या भेटीत त्यांना स्वतःचं बायबल आणायला सांगितलं. पानोपानी लाल रेघा. एकेका रेघेवर बोट ठेवून मी एवढंच विचारलं, "ही कुणासाठी?"

"मुलासाठी."

"ही?"

"धाकट्या भावासाठी."

"आणि ही?"

"तीही मुलासाठीच." मग ते गप्प झाले. मी नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय उघडून पुढे सरकवला. आरशात आपलं तोंड पाहून निघून जाणारा आणि आपण कसे होतो हे लगेच विसरणारा माणूस तिथे २३व्या-२४व्या वचनांत आहे. त्यांनी दोनदा वाचलं. "मी तर आरसा त्याच्यापुढेच धरून बसलोय," ते म्हणाले.

हे त्यांचं त्यांनाच दिसणं मोलाचं होतं. मी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि तीही ओळ मुलासाठी अधोरेखित केली असती. रेघांचा हा प्रश्न आता मी पहिल्याच भेटीत विचारतो. फारसा वाया जात नाही.

मग वर्षाची योजना बाजूला ठेवली आणि याकोबाचं पत्र घेतलं. पाच अध्याय, १०८ वचनं. पहिल्या दिवशी सगळं पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचायचं. वीस मिनिटं पुरतात. अशी पत्रं मंडळीत, म्हणजे जमलेल्या विश्वासणाऱ्यांपुढे, वाचून दाखवण्यासाठीच लिहिली जात, कलस्सैकरांच्या पत्रात ४:१६ (चौथा अध्याय, सोळावं वचन) मध्ये तशी सूचनाच आहे. पुढे रोज आठ-दहा वचनं. कोण कोणाला म्हणतो आहे, आधी-नंतर काय आहे, हे पाहायचं. नाहीतर सुटं वचन हवं तसं वाकवता येतं. आठवड्यासाठी एकच वचन निवडायचं, आणि वहीत एकच ओळ लिहायची: कुणाशी, केव्हा, नेमकं काय.

त्यांनी १:१९ निवडलं: ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. वहीत लिहिलं, "मुलाशी प्रेमाने वागेन." मी खोडायला लावलं. रात्री झोपताना 'झालं की नाही' याचं उत्तर देता येत नसेल, तर ती ओळ फार मोठी आहे. नवी ओळ अशी: "संध्याकाळी तो बोलेल तेव्हा त्याचं पूर्ण होईपर्यंत बोलणार नाही. मग एक प्रश्न विचारेन. सल्ला नाही."

"पण मनातून वाटलं नाही तर ते ढोंग नाही का?"

हा प्रश्न हमखास येतो. माझं मत ठाम आहे: मन तयार होण्याची वाट पाहणारा वाटच पाहत राहतो, कृती सुरू झाली की मन मागून येतं. अर्थात, यातून तारण, म्हणजे पापातून सुटका, कमवायचं नसतं. इफिसकरांच्या पत्रातली २:८ आणि २:१० एकत्र वाचली की क्रम स्पष्ट होतो: आधी देवाची कृपा, मग सत्कृत्यं.

तिसऱ्या दिवशी फसलं. मुलगा आवाज चढवून बोलला आणि यांनी त्याला तेच वचन ऐकवलं! पाळायचं वचन दुसऱ्यावर फेकलं जाणं ही सर्वांत नेहमीची चूक. त्यावर उपाय इफिस ४:२६ मध्येच आहे: सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडायचा. त्याच दिवशी, दोन वाक्यांत, 'पण' न लावता माफी. "मी तुला मध्येच तोडलं. माझं चुकलं." चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट काही करायचं नाही, तीच ओळ पुन्हा.

आठवड्याअखेर वहीत सातपैकी चार खुणा होत्या. त्यांना त्या कमी वाटल्या. मग हसत म्हणाले, "काल मुलाने विचारलं, बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"आता पुढचं वचन कोणतं घेऊ?" त्यांनी विचारलं. मी आणखी एक आठवडा तेच ठेवायला सांगितलं.