वाचकांचे प्रश्न : बंद संगणक नेटवर्कवरून सुरू करताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस संगणक आहेत. ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण दाबावे लागू नये म्हणून आम्ही वेक-ऑन-लॅनची, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून बंद संगणक सुरू करण्याची, सोय करून घेतली. सुरुवातीला ती नीट चालली. परंतु भारनियमन झाले की दुसऱ्या दिवशी काही संगणक सुरू होतात, काही होत नाहीत. दोष कशात असावा?
— प्रयोगशाळा सहायक, अंबाजोगाई

उत्तर : सोय एकदा नीट चालली असल्यामुळे जोडणी आणि मूळ सेटिंग बरोबर आहेत असे धरता येईल. अडचण विजेची दिसते, आणि ती समजण्यासाठी ‘बंद’ संगणकात काय चालू असते ते पाहावे लागेल. एटीएक्स पद्धतीचा पॉवर सप्लाय सॉकेटला जोडलेला असेल आणि सॉकेटचे बटण चालू असेल, तर संगणक बंद केल्यावरही तो मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक लहानसा पुरवठा सतत देत राहतो. त्या पुरवठ्यावर लॅन कार्डाचा एक भाग जागा राहून केबलमधून येणाऱ्या संदेशांत एक ठरावीक खूण शोधत असतो. ही खूण असलेल्या संदेशाला ‘मॅजिक पॅकेट’ म्हणतात. एएमडी या कंपनीने ह्यूलेट-पॅकार्डच्या सहकार्याने ही पद्धत १९९५ च्या सुमारास पुढे आणली. खुणेची रचना अगदी साधी आहे : आधी सर्व बिट १ असलेले ६ बाइट आणि त्यांच्यामागे, ज्या संगणकाला उठवायचे त्याच्या लॅन कार्डाचा ६ बाइटांचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सलग १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट. बंद संगणक स्वतःच्या आयपी पत्त्याबद्दलच्या (नेटवर्कवर त्याला मिळालेल्या क्रमांकाबद्दलच्या) विचारणेला सहसा उत्तर देऊ शकत नाही. म्हणून हे पॅकेट नेटवर्कवरच्या सर्वांना उद्देशून पाठवले जाते. गावभर दवंडी पिटली जाते आणि ज्याचे नाव घेतले तोच उठतो, तसा हा प्रकार आहे.

वीज गेली की हा ५ व्होल्टचा पुरवठाही जातो. ती परत आल्यावर पुरवठा पुन्हा सुरू होतो हे खरे, पण अनेक मदरबोर्डांवर ‘पॅकेटची वाट पाहा’ ही सूचना लॅन कार्डाला विंडोज बंद होताना ड्रायव्हरकडून (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून) मिळालेली असते आणि वीज तुटताच ती पुसली जाते. काही मदरबोर्डांवर मात्र वीज येताच बायोसच (मदरबोर्डवरची, विंडोजच्या आधी चालणारी मूळ प्रणाली) ती सूचना पुन्हा देतो. तुमच्याकडे एकाच खोलीत दोन तऱ्हा दिसतात त्या बहुधा यामुळेच. पुढच्या भारनियमनानंतर, संगणक बंद असतानाच, प्रत्येक यंत्राच्या मागे लॅन पोर्टजवळचा दिवा पाहावा. दिवा विझलेला असेल तर ते कार्ड झोपलेले आहे, आणि कितीही पॅकेट पाठवली तरी उपयोग होणार नाही. तत्पूर्वी नेटवर्कच्या स्विचला (सगळ्या संगणकांच्या केबली जिथे जोडल्या जातात त्या पेटीला) वीज आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे, कारण तो बंद असेल तर सगळेच दिवे विझलेले दिसतील.

बायोसमध्ये ‘वीज परतल्यावर काय करावे’ असा एक पर्याय असतो आणि त्यात ‘सुरू हो’ ही निवडही असते. एखाद्या सर्व्हरसाठी ती योग्य आहे. तीसही यंत्रांना ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वीज आल्याआल्या व्होल्टेज वरखाली होत असते आणि नेमक्या त्याच क्षणी सगळी यंत्रे एकदम भार टाकतील. त्यापेक्षा बायोसमधील ठरावीक वेळी सुरू होण्याची सोय वापरावी, आणि यंत्रांच्या वेळांत एकेका मिनिटाचे अंतर ठेवावे. त्या वेळी वीज असली म्हणजे झाले. एकदा संगणक सुरू होऊन रीतसर बंद झाला, की लॅन कार्डाला सूचना पुन्हा मिळते आणि पुढच्या भारनियमनापर्यंत मॅजिक पॅकेट काम करते. पॅकेट पाठवतानाही पाच-पाच संगणकांचे गट करून मध्ये काही सेकंद जाऊ द्यावेत. प्रयोगशाळा यूपीएसवर असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. बायोसमध्ये ‘ईआरपी’ किंवा ‘डीप स्लीप’ नावाचा वीज वाचवणारा पर्याय चालू असेल, तर तो ५ व्होल्टच्या पुरवठ्यालाही कात्री लावतो. तो बंद ठेवावा. तसेच विंडोज ८ पासून आलेले ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण त्या पद्धतीने बंद झालेल्या संगणकाला नेटवर्कवरून उठवण्याची सोय विंडोज देत नाही.

संध्याकाळी जाताना प्रयोगशाळेचा मेन स्विच पाडण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर मात्र वेक-ऑन-लॅनचा विषयच संपतो. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा किती कडाडतात हे आपण सारेच जाणतो. त्या आठवड्यांत मेन स्विच खुशाल पाडावा आणि सकाळी हाताने बटणे दाबावीत. तीस मदरबोर्डांपुढे पंधरा मिनिटांचे श्रम काहीच नाहीत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे आणि तिथल्या संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. रात्री दुकान बंद झाल्यावर तो संगणक पुण्याहून सुरू करून हिशेब पाहता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : येईल, पण पुण्याहून थेट मॅजिक पॅकेट पाठवण्याच्या नादी लागू नये. सर्वांना उद्देशून पाठवलेली पॅकेट राउटर सहसा पुढे जाऊ देत नाहीत. बाहेरून येणाऱ्या अशा पॅकेटांचा हल्ल्यांसाठी वापर होऊ लागल्यामुळे, ती मुळातच अडवलेली असावीत असे १९९९ साली राउटरांच्या मानकातही नमूद झाले. राउटरवर पोर्ट उघडून एका संगणकाकडे पॅकेट वळवण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो चाचणीत यशस्वी होतो आणि रात्री फसतो, कारण संगणक बंद होऊन काही वेळ गेला की त्याचा आयपी पत्ता कोणत्या मॅक पत्त्याचा, ही नोंद राउटर विसरतो. शिवाय काही इंटरनेट सेवांमध्ये ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच मिळत नाही.

दुकानात सतत चालू राहणारे एखादे लहान यंत्र ठेवणे हा खात्रीचा मार्ग आहे. रास्पबेरी पाय पुरेसा होतो. काही राउटरांत तर संगणक उठवण्याची सोय आधीच असते. पुण्याहून व्हीपीएनद्वारे (इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कशी केलेल्या सुरक्षित खासगी जोडणीने) त्या यंत्रापर्यंत पोहोचावे आणि पॅकेट त्याने दुकानातल्या दुकानात सोडावे. राउटर, ते यंत्र आणि संगणक तिन्ही यूपीएसवर ठेवावीत. वडील किंवा मुनीमजी दुकान बंद करताना सॉकेटचे बटणही बंद करत असतील, तर त्या एका बटणावर चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

प्रश्न : वाय-फायवर चालणारा लॅपटॉप असा उठवता येतो का? आणि याच पद्धतीने संगणक बंदही करता येतो का?
— शिक्षिका, परभणी

उत्तर : वाय-फायवर हे काही लॅपटॉपांत, तेही बहुधा स्लीप अवस्थेतूनच, साधते, पूर्ण बंद केलेल्या लॅपटॉपाबाबत त्यावर विसंबू नये आणि शक्य असेल तिथे केबल जोडावी. मॅजिक पॅकेटने संगणक बंद होत नाही. पॅकेट पोहोचल्याची पोचही परत येत नाही, त्यामुळे संगणक खरोखर सुरू झाला का, हे पिंग करून (म्हणजे नेटवर्कवरून हाक देऊन उत्तर येते का ते पाहून) वेगळे पाहावे लागते. दुरून बंद करण्यासाठी विंडोजची ‘शटडाउन’ ही आज्ञा आहे, मात्र ती चालण्यासाठी त्या संगणकावर प्रशासकाचे अधिकार लागतात. ती सक्तीच्या पर्यायासह दिली, तर समोर बसलेल्या विद्यार्थ्याने सेव्ह न केलेले काम जाते. म्हणून आज्ञेतच एक-दोन मिनिटांची मुदत आणि पडद्यावर दिसणारी सूचना घालावी.