बोअरचा आवाज आणि बातमीचा मथळा

चि. मित्रास, अनेक उत्तम आशीर्वाद.

बोअरच्या आणि संबळाच्या आवाजांतून तू बांधलेली नवी रचना हेडफोन लावून सावकाश ऐकली आणि मगच सोबतचे पत्र वाचले. एका मोठ्या वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी तुझ्यावर लेख करणार आहे, छायाचित्रकाराला तू भेगाळलेल्या रानात उभा राहिलेला हवा आहेस आणि ‘दुष्काळाचे संगीत’ हा मथळा त्यांनी आधीच योजून ठेवला आहे, असे तू लिहितोस. होकार द्यावा का, हा तुझा प्रश्न. द्यावास, असे माझे मत आहे. मात्र मथळ्याशी भांडूनच द्यावास.

पुण्या-मुंबईच्या माध्यमांना मराठवाडा दिसतो तो टँकर आणि कोरड्या विहिरी यांच्याच चौकटीत. त्यात खोटे काही नाही. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. पण तुझ्या रचनेत मला जे ऐकू आले ते निराळे आहे. रात्रीची लाईट येताच स्टार्टरचा खट्ट आवाज होतो, पाइपातून पाणी वर चढताना घरघर सुरू होते, पाणी खाली गेले की बोअर उचक्या देऊ लागतो, आणि त्या विस्कटलेल्या लयीत गोंधळ्यांचे संबळ शिरते. वाकड्या काठीखाली घुमणारे संबळाचे मोठे भांडे आणि पाइपातली हवा, यांपैकी आता नेमके काय वाजते आहे, हे काही क्षण कानाला उमगतच नाही. ती जागा ही तुझी खरी कमाई. मथळ्यात दुष्काळ आला की वाचक ऐकण्याआधीच हळहळू लागेल आणि मग त्या जागेपर्यंत त्याचा कान पोहोचणारच नाही.

यात वार्ताहराचा दोष आहे असे मी म्हणत नाही. कागदावर नाद छापता येत नाही, म्हणून तो नादाच्या आसपासचे जे सांगता येईल ते शोधतो: गाव, गरिबी, वय, ‘पहिलाच प्रयोग’. चरणजित सिंग यांचे उदाहरण पाहा. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून राबलेल्या या माणसाने 1982 मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 2010 मध्ये ती परदेशातून पुन्हा प्रसिद्ध झाली आणि पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा एक अख्खा प्रकार या माणसाने सर्वांच्या आधी शोधला होता का, याचीच चर्चा रंगली. सिंग 2015 मध्ये वारले. उतारवयात त्यांना मान मिळाला, परदेशी मंच मिळाले, याचा मला आनंद आहे. पण ठरावीक स्वर पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रावर रागाचे चलन, म्हणजे त्याच्या स्वरांची वळणदार वाटचाल, त्यांनी कसे बसवले, यावर मी वाचलेल्या लेखांत एखाददुसरी ओळच सापडली. ‘पहिला कोण’ हा प्रश्न माध्यमांना सोपा जातो. तुलाही तो विचारतील, तेव्हा त्यात अडकू नकोस.

मग काय मागावे? वेळ मागावा. जॉन केज हा अमेरिकी संगीतकार 1960 मध्ये तिथल्या दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय खेळाच्या कार्यक्रमात गेला होता. प्रेशर कुकर, बर्फाचे तुकडे, झारी, पाण्याने भरलेला बाथटब आणि पाच रेडिओ ही त्याची वाद्ये होती. लोक हसतील, असे सूत्रसंचालकाने त्याला आधीच बजावले, तेव्हा रडण्यापेक्षा हसणे बरे, अशा अर्थाचे उत्तर देऊन तो मोकळा झाला. रेडिओंची जोडणी कोणी करायची यावर कामगार संघटनांचा वाद असल्याने ते सुरूच करता आले नाहीत. केजने ते सुरू करण्याऐवजी बडवले आणि बंद करण्याऐवजी टेबलावरून खाली ढकलले. प्रेक्षक खो-खो हसले, हे खरेच. पण त्या दिवशी नेहमीचा खेळ बाजूला ठेवून त्याची तीन मिनिटांची रचना अखंड वाजू दिली गेली, आणि मला त्या साऱ्या प्रसंगात मोलाचे वाटते ते एवढेच. वर्तमानपत्र तुझा आवाज वाजवू शकत नसले, तरी संपूर्ण रचनेचा क्यूआर कोड छापू शकते. तेवढी एक अट घाल. छायाचित्राचे मग काय व्हायचे ते होऊ दे. (रानात उभे राहायचेच असेल तर निदान कानाला हात लावून आकाशाकडे पाहू नकोस!)

दुसरे असे की, माध्यम म्हणजे केवळ पुरवण्या नव्हेत. लॉरी अँडरसन हिची आठ मिनिटांहून लांब आणि बरीचशी बोलल्यासारखी रचना 1981 मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. तिला हात मिळाला तो बीबीसीवरच्या जॉन पील या निवेदकाचा. ती रचना त्याला आवडली आणि त्याने ती पुन्हा पुन्हा लावली. असा कान असलेला एखादा माणूस आकाशवाणीच्या परभणी किंवा संभाजीनगर केंद्रात, एखाद्या कम्युनिटी रेडिओत किंवा महाविद्यालयाच्या स्टुडिओत तुला भेटू शकतो. त्याला मूळ वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेले ध्वनिमुद्रण, पाठव. व्हॉट्सॲपवर दाबून चपटा झालेला आवाज पाठवून त्याच्या कानाची परीक्षा घेऊ नकोस.

आणि कोणीच दखल घेतली नाही तर? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 मध्ये मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे यंत्र, आला आणि त्यावर आपल्याकडच्या लोकांनी प्रयोग केले. त्या प्रयोगांच्या ध्वनिफिती अनेक दशके संस्थेतच पडून होत्या. त्यांतील निवडक संगीत 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. फिती जपल्या गेल्या म्हणून ते शक्य झाले. तू तर कुठले शिवार, कोणता महिना, मायक्रोफोन बोअरपासून किती हातांवर, यांपैकी काहीच लिहून ठेवलेले नाहीस. ते या आठवड्यात बसून लिहून काढ.

आता राहिले संबळवादकाचे. तुझ्या पत्रात ते केवळ ‘एक गोंधळी काका’ आहेत, आणि लेखातही तसेच छापून येईल, अशी मला धास्ती वाटते. वार्ताहर येण्यापूर्वी त्यांच्या घरी जा, सगळी रचना त्यांना ऐकव, त्यांचे पूर्ण नाव वादक म्हणून द्यायला त्यांची हरकत नाही ना ते विचार, आणि वाजवल्याची बिदागी अजून दिली नसशील तर ती लेख छापून येण्याआधी त्यांच्या हातात ठेव. मुलाखतीला ते यायला तयार असतील तर त्यांनाही सोबत घे. संबळाविषयी वार्ताहराने त्यांनाच विचारावे.

तुझा शुभचिंतक