एम.ए. इंग्लिशला लिंग्विस्टिक्सचा (भाषाविज्ञानाचा) पेपर घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की हा पेपर घेतला तर इंग्लिश बोलणं सुधारेल का, आणि आपल्या सोलापुरी उच्चारांना तिथं चुका म्हणतात का. बोलणं सुधारायचं असेल तर सरळ स्पोकनचा क्लास लावा, इथं लोक कसं बोलतात नि तसं का बोलतात एवढंच बघतात, कुणाला सुधारायला जात नाहीत.

चुकांचं म्हणाल तर मला या पेपरात सगळ्यात भारी वाटला तो अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह. हा माणूस १९६२ ला न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत गेला, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं, आणि चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठंय म्हणून तिथल्या नोकरांना विचारत सुटला, म्हणजे समोरचा 'फोर्थ फ्लोअर' म्हणणारच. मग ऐकूच आलं नाही असं दाखवून परत विचारायचं, आणि जरा बाजूला जाऊन त्या नोकरानं 'र' म्हटला का गिळला ते गुपचूप टिपून घ्यायचं. महागड्या दुकानात र जास्त, स्वस्तात कमी! आणि गंमत म्हणजे तिकडं इंग्लंडात साहेबी बोलण्यात हाच र गिळतात. मग शुद्ध कुठलं?

आपलं 'काय करलालास बे' (काय करतोयस रे) घ्या. पुण्यात हॉस्टेलवर पोरं हसतात, पण आपल्याकडं लहान पोरगंसुद्धा ते रूप बरोब्बर लावतं, नियम आहे त्याला, मग चूक कशी म्हणायची?

इतिहासाचा भाग पण मस्त आहे. नाईट (knight, म्हणजे सरदार) च्या स्पेलिंगमधला के पूर्वी खरंच बोलायचे, जीएचसुद्धा. इंग्लंडातला पहिला छापखानेवाला विल्यम कॅक्स्टन, त्यानं १४७६ ला लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना टाकला, पुढं छपाईमुळं स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार मात्र बदलतच राहिले, त्याचा ताप आपल्याला आजपण आहे.

कंटाळा येतो तो आयपीएच्या, म्हणजे उच्चार लिहायच्या आंतरराष्ट्रीय लिपीच्या चिन्हांचा. ती सुरुवातीलाच घोटून टाका, नाहीतर फोनेटिक्सचं (उच्चारांच्या अभ्यासाचं) काहीच कळत नाही. प्रोजेक्टला विषय शोधायला लांब जाऊ नका, आपल्या सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात तासभर बसा, गिऱ्हाईक बघून दुकानदार मराठीवरनं कन्नड, तेलुगू, हिंदीवर कधी जातो आणि मधेच 'फिक्स रेट' कुणाला म्हणतो ते नुसतं लिहून काढा. फक्त मालकाला आधी विचारून बसा हं.